दोन जावा आणि मी, चाकांची खुर्ची

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची आहे. आता जुनी झाले आहे. चर्चच्या मागच्या अडगळीच्या खोलीत माझा मुक्काम असतो आणि उपासनेला आलेली मंडळी आपले कोट आणि ओल्या छत्र्या माझ्यावर टाकून जातात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, सांधे जोडले, रेक्झिन ताणून बसवलं. एका सधन कुटुंबाने मला चर्चला दान दिलं आणि माझ्या पाठीवर आपलं नाव असं ठसठशीत रंगवून घेतलं, की बसणारा कोण हे कळायच्या आधी देणारा कोण ते कळावं. त्या रविवारी पाळकसाहेबांनी निःस्वार्थ प्रीतीवर प्रवचन केलं. बायकांनी डोळे पुसले. मग मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं, मळू नये म्हणून.

मला बाहेर काढलं ते दोन जावांपैकी धाकटीने. ती कपडे शिवून पोट भरणारी विधवा. तिची थोरली जाऊ, तीही विधवाच, अर्धांगवायूचा झटका येऊन आडवी झाली होती. थोरलीची मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. सभांमध्ये ती कुटुंबातल्या प्रेमावर फार सुंदर बोलते, असा तिचा लौकिक होता. तिने फोनवर सांगितलं, "काकू, मला इथे श्वास घ्यायला फुरसत नाही गं. आणि तू आहेसच की." धाकटीने थोरलीला आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि माझ्यासाठी चर्चमध्ये अर्ज-विनंत्या केल्या.

"न्या. पण रंगाला जपा," पाळकसाहेब म्हणाले.

त्या घरात मी काय काय ऐकलं! धाकटी अनाथाश्रमात वाढलेली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून थोरली तिला 'आश्रम' म्हणूनच हाक मारायची. धाकटीचं एकुलतं एक बाळ पाळण्यातच गेलं, तेव्हा थोरली दारात उभी राहून म्हणाली होती, "गेलं ते बरंच झालं. कुणाचं रक्त, कोण जाणे!" हे मला शेजारच्या नर्सबाईंच्या तोंडून कळलं. पडून राहून थोरलीला झालेल्या जखमा कशा धुवायच्या, पाठीला पावडर कशी लावायची, हे शिकवायला त्या यायच्या.

आता तीच थोरली माझ्यात बसायची. उजवं अंग लुळं, पण जीभ अगदी ठणठणीत. धाकटी काखेत हात घालून तिला उचलायची, तेव्हा थोरलीचं सगळं वजन तिच्या कमरेवर यायचं आणि कमरेतून कट्‌ असा आवाज यायचा. सूप भरवावं, तर थोरली डाव्या हाताने चमचा उडवायची. "आश्रम, मीठ विसरलीस. तुला कुणी शिकवलंच नाही म्हणा!" धाकटी फरशी पुसायची, तिची हनुवटी पुसायची, माझं चाक पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची.

एकदा नर्सबाईंना राहवलं नाही. स्वयंपाकघरात त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तू आहेस तरी कशाची बनलेली? एवढं प्रेम येतं कुठून तुला हिच्याबद्दल?"

"प्रेम?" धाकटी हसली. "तिचा आवाज आला की अजून कान मिटून घ्यावेसे वाटतात, बाई. आवडत नाही ती मला. पण आवडणाऱ्यांचंच करायचं, तर ते प्रभूने कशाला सांगायला हवं होतं? ते मी आपणहूनच केलं असतं."

"आणि मनाचं काय?"

"मन नाही होत. हातांना सांगते, हात करतात."

एका रविवारी चर्चला जाताना उतारावर थोरली म्हणाली, "सोडून दे खुर्ची. सुटशील एकदाची."

"चर्चची खुर्ची आहे, जाऊबाई. रंग जाईल," धाकटी म्हणाली.

थोरलीला खुदकन हसू फुटलं. धाकटीही हसली. क्षणभर मला वाटलं, आता बर्फ वितळलं. पण चर्चच्या दारात बायकांचा घोळका दिसताच थोरलीने गळा काढला, "बघा गं माझे हाल! ही उपाशी ठेवते मला." बायकांनी धाकटीकडे पाहिलं. कुणी काही विचारलं नाही, आणि काहींना ते खरंही वाटलं. धाकटीचे हात माझ्या मुठींवर घट्ट आवळले गेले. मग तिने मला वळवून नेहमीच्या जागी लावलं.

पुढे थोरली वारली, तीही तशीच. माफी नाही, आभार नाहीत, की डोक्यावरून हात फिरवणं नाही. मित्रांनो, तसं झालं असं मला तुम्हाला सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

चर्चमधल्या शोकसभेला मुलगी आली. मलाही तिथे समोर आणून ठेवलं होतं. तिने भाषणही छान केलं. "आईची सेवा करण्याची संधी प्रभूने आम्हा सर्वांना दिली," ती म्हणाली, आणि ज्यांनी ही खुर्ची दिली त्या दात्यांचे तिने आवर्जून आभार मानले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. धाकटी शेवटच्या बाकावर बसली होती.

बाहेर पडल्यावर नर्सबाईंनी विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं ना. मी काय दगड आहे?" धाकटी म्हणाली. तिने मला घरी नेलं, माझ्या चाकांना तेल घातलं आणि दुसऱ्या दिवशी चर्चला परत आणून दिलं.

उचलून उचलून तिची कंबर कायमची गेली होती. काही महिने ती भिंतीला धरून उपासनेला येत राहिली. मग यायची बंद झाली. परवा शेजारच्या हॉलमध्ये महिलांची सभा होती. विषय होता शेजाऱ्यावरची प्रीती. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, "ती शिवणकामवाली हल्ली दिसत नाही?"

"विश्वास थंडावला असेल," दुसरी म्हणाली. मग आत येऊन तिने आपला कोट माझ्यावरून उचलला आणि निघून गेली.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल नको, पाठीला नवा रंग तर नकोच. तुमच्याही ओळखीत एखादी अशी असेल, जी सगळ्यांचं करते आणि जिला कुणी विचारत नाही. ती येत नाही म्हणून तिला नावं ठेवू नका. तिच्या घरी जा. मला चाकं असून कुणी ढकलल्याशिवाय जाता येत नाही. तुम्हाला कशाची वाट पाहायची आहे?