मोजणीचा दगड

मी मोजणीचा दगड बोलतोय. काचेच्या पेटीत ठेवलंय म्हणून मला कुणी मौल्यवान समजू नका. मुठीत मावेल एवढा काळा दगड आणि पाठीवर टाकीचा एक घाव, एवढीच माझी शोभा. खरं तर बोलायचाही आता कंटाळा येतो. पण समोर उभं राहून माणसं हजारांच्या गप्पा मारतात, आणि मला ऐकवत नाही.

आमच्या राजाच्या सैन्यात मोजणीची रीत साधी होती. मोहिमेवर निघताना प्रत्येक शिपायाने वेशीबाहेरच्या ढिगावर टाकीच्या घावाची सरकारी खूण असलेला एक दगड टाकायचा, परत आला की एक उचलायचा. जेवढे उरतील तेवढी माणसं गेली. मग गेलेल्याच्या घरच्यांनी येऊन एक दगड न्यायचा आणि कारकुनाला दाखवायचा. त्याने नाव लिहिलं की घर त्यांच्याकडे राहायचं. ज्याचा दगड नाही तो पळपुटा, त्याच्या दाराला कुलूप. जिवंत माणूस आपल्या मरणाचा दगड मागे ठेवत नाही, गुपचूप येऊन उचलून नेतो, अशी सगळ्यांची खात्री होती.

त्या वर्षी राजाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. शत्रूचे हेर टेकडीवरून बघतायत, तेव्हा ढीग दांडगा दिसला पाहिजे! हुकूम सुटला, माणशी दोन दगड. मी असाच एका शिपायाचा दुसरा. पहिला त्याने घटकाभर छातीशी धरला आणि जपून ठेवला. मला मात्र नुसतं भिरकावलं. आमच्या नशिबी एवढाच मान.

माणसं पाच हजार आणि दगड दहा हजार! भाटांनी दहा हजारांच्या सैन्याची कवनं रचली, शिळेवरही तेच कोरलं गेलं. हळूहळू राजालासुद्धा ते खरं वाटायला लागलं.

मोहीम संपली. चार हजार परतले, एकेक दगड उचलून घरी गेले. ढीग बघून राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

"एवढे मेले?"

"नाही महाराज, दोन-दोन टाकले होते ना," कारकून हळूच म्हणाला.

"मग लोकांना काय सांगशील? सैन्य निम्मंच होतं म्हणून?"

राजाने ढीग हटवायचा हुकूम सोडला. आसपासच्या घरांनी आपापले दगड नेले आणि आम्हा उरलेल्यांना गाड्यांत भरून नदीत लोटलं. साफसफाई इतकी चोख झाली की वेशीबाहेर एक खडा राहिला नाही.

आणि मग मोहिमेत पडलेल्या एका विणकराची बायको आली. लांबच्या वस्तीवरून चालत, पाठीशी तान्ही मुलगी बांधून.

"दगड कुठाय?" कारकुनाने विचारलं.

"ढीगच नाही तिथं, दादा. आणू कुठून?"

"मग पळाला असेल तो."

"अहो, त्याच्याबरोबरच्या शिपायानं त्याला आपल्या हातानं मातीत ठेवलंय!"

"असेल बाई. पण मला दगड लागतो."

घर जाणार होतं, माग जाणार होता. त्याहून वाईट म्हणजे पाठीवरच्या पोरीला जन्मभर पळपुट्याची मुलगी म्हणवून घ्यावं लागणार होतं. ती पुन्हा वेशीपाशी गेली. मग गाड्यांच्या चाकोऱ्या बघत बघत नदीवर आली. मुलीला गवतावर निजवून पाण्यात उतरली, बुडी मारली, आणि हाताला आलो तो मी. इतक्या घट्ट मला कुणी धरलं नव्हतं.

कारकुनाने मला उलटंपालटं केलं. "ओला कसा हा?"

"रडलेय त्याच्यावर."

तिच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. कारकुनाने मान खाली घातली आणि नाव लिहिलं. माणूस वाईट नव्हता, नोकरी वाईट होती.

पुढे मी मागाशेजारी राहिलो. त्या मुलीने माझ्यावर बिया फोडल्या, मग तिच्या मुलांनी. घर पडलं तसा मीही मातीखाली गेलो. उकरून काढल्यावर इथे संग्रहालयात आलो, नदीतले भाऊबंदही आले. तेव्हापासून माझ्या डोक्याशी दोन विद्वानांचा, एका प्राध्यापकांचा आणि एका बाईंचा, वाद चालू आहे.

"नदीत पाच हजार दगड मिळाले. म्हणजे निम्मं सैन्य कापलं गेलं. शिळेवरचे दहा हजार खरेच!" प्राध्यापक म्हणतात.

"अहो सर, त्या खोऱ्यात दहा हजारांना प्यायला पाणी तरी पुरेल का? दगड वाढवलेत कुणीतरी. एवढी माणसं मेलेलीच नाहीत, खोडा तो आकडा," बाई म्हणतात.

बाईंचंच खरं आहे. खोडा बाई, खुशाल खोडा. मीही खोटाच. मला टाकणारा शिपाई धडधाकट घरी गेला होता. पण मला उचललं ते विणकरासाठी, आणि तो आला नाही. खोडताना तेवढा एक मेलेल्यांत राहू द्या.