लाल पाटी लावलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना, पोट सुटलेला लॅपटॉप आहे. हसू नका. बॅटरी फुगली की आमचं असंच होतं. कीबोर्ड वर येतो, झाकण लागत नाही. भोपाळच्या आनंद नगरात, साळव्यांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर मी बसलेला असतो. फार थकलोय. पण गोष्ट सांगून मगच डोळे मिटेन म्हणतो, कारण एकदा बंद झालो तर परत चालू होईनच असं नाही.

माझा जन्म लांबचा. समुद्रातून येताना एका माशाने मला खोक्यासकट गिळलं होतं. तीन दिवस त्याच्या पोटात काढले. चौथ्या दिवशी त्याने मला भोपाळच्या मोठ्या तलावात ओकलं. नाही पटत ना? दुकानदारालाही नव्हतं पटलं. मग माझ्या पंख्यातून पहिल्या दिवसापासून पाणी खळखळल्यासारखा आवाज का येतो, ते तुम्हीच सांगा.

विलासराव साळवे कारखान्यातून निवृत्त झाले, त्या दिवशी सोबत्यांनी मला त्यांच्या हातात दिलं. खोकं घरापर्यंत आणलं ते त्याच सोबत्यांतल्या बाळू क्रेनवाल्याने. विलासरावांनी पस्तीस वर्षं मोठमोठ्या यंत्रांचे स्क्रू पिळले होते, पण मला हात लावण्याआधी त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले. देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, पाळकसाहेबांनी माझ्यात बायबल अभ्यासायचं सॉफ्टवेअर घालून दिलं, आणि माझं नशीब ठरलं.

काय सांगू त्या कामाचं! माझ्या छातीवर तीन खिडक्या उघडायच्या. एकीत मराठी बायबल, दुसरीत मूळ हिब्रू, उजवीकडून डावीकडे चालणारं, आणि तिसरीत विलासरावांची टिपणं. एखाद्या शब्दावर टिचकी मारली की तोच शब्द आणखी कुठे कुठे आलाय ते मी पळत जाऊन शोधून आणायचो. एका ओवीवर टिपण लिहिलं की तिच्यापुढे पिवळं निशाण लागायचं. अकरा वर्षांत इतकी निशाणं लागली, की विमानातून बघणाऱ्याला आनंद नगरात मोहरी फुललीय असं वाटायचं. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मराठी उपासना असायची. तिथे विलासराव उभे राहून बोलायचे. लोक म्हणायचे, "साळवे, काय अभ्यास हो तुमचा!" ते माझ्याकडे बघून हसायचे. तेवढं मला पुरायचं.

मग घराचे दिवस फिरले. त्यांचा एकुलता एक मुलगा, सत्यजित, आजारपणात गेला. त्याची बायको स्नेहा दोन वर्षं सासू-सासऱ्यांजवळ राहिली. त्यांची औषधं, बँक, गॅस, सगळं तिने बघितलं. नंतर ती भोपाळातच, मिसरोदला माहेरी गेली, आणि वर्षभराने तिथेच तिने दुसरं लग्न केलं. कमलिनीबाई, म्हणजे विलासरावांच्या पत्नी, त्या लग्नाला जाऊन आल्या. विलासराव गेले नाहीत.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी ते बायबलातल्या एका जुन्या गोष्टीवर बोलले. गोष्ट साधी आहे. एक विधवा सासू, तिच्या दोन विधवा सुना. एक सून सासूबरोबर परक्या गावी गेली. दुसरी रडली, सासूचा मुका घेतला आणि माहेरी परतली. विलासरावांनी त्या परतणारीला असं काही धुतलं, की चाळीस माणसांच्या माना मागे वळल्या. पाचव्या रांगेत स्नेहा बसली होती. तिची खुर्ची फरशीवर कर्रकन वाजली. ती उठली ती गेलीच.

घरी आल्यावर कमलिनीबाईंनी चपला काढायच्या आधी सुरुवात केली.

"अहो, तुम्ही वचन सांगत होतात की सुनेला चोप देत होतात?"

"मी शास्त्रातलंच बोललो."

"शास्त्रात त्या पोरीला शिव्या कुठे लिहिल्यात? त्या तुमच्या डबड्यात शोधा बघू. नाही सापडल्या तर स्नेहाच्या दारात जाऊन सांगायचं, चुकलो म्हणून. तोवर माझ्या हातचा चहा नाही!"

डबडं म्हणजे मी. चहा खरंच बंद झाला, बोलणंही. विलासराव स्वतःचा स्वतः करून प्यायचे, त्यात साखर विसरायचे आणि मला उघडून बसायचे. पण एक पंचाईत होती. कमलिनीबाई सारख्या पुसत असायच्या. फडकं मारताना एकदा त्यांनी माझं झाकण लावलं आणि तासाभराचं शोधकाम पाण्यात गेलं. तेव्हा विलासरावांनी कपाटातून कारखान्यातली लाल पाटी काढली.

आता ही पाटी काय ते सांगतो. कारखान्यात एखाद्या यंत्रात माणूस काम करत असला की तो बटणाला लाल पाटी बांधतो. त्यावर त्याचं नाव असतं. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेब येवो, मंत्री येवो, दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत माणूस असतो. आनंद नगरातली तान्ही पोरंसुद्धा आधी हा नियम शिकतात, मग आई म्हणायला शिकतात. माझ्या गळ्यात पाटी आली: 'काम चालू आहे. हात लावू नये. वि. साळवे.'

ऑगस्टातल्या एका शनिवारी शोध लागला. सासूने सुनांना निरोप देतानाच्या आशीर्वादात 'माया' असा एक शब्द आहे. विलासरावांनी त्यावर टिचकी मारली. मी मूळ हिब्रू शब्द आणला आणि तो त्या गोष्टीत कुठे कुठे आलाय तेही आणलं. तीन जागा निघाल्या. विलासराव पहिल्या जागेवरच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एका बोटाने, दीड तास लावून, त्यांनी एक टिपण लिहिलं. पिवळं निशाण लागलं. "उद्या फोन करतो तिला," असं ते मला म्हणाले. हो, मलाच. घरात दुसरं कोण त्यांच्याशी बोलत होतं?

सकाळी न्हाणीघरात ते पडले. अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

मित्रांनो, त्यानंतरचे आठ महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. विलासराव समोरच्या पलंगावर. टिपण माझ्या पोटात. आणि पोटाबाहेर लाल पाटी. ते माझ्याकडे बघायचे, डावा हात उचलायचे आणि "आं, आं" करायचे. कमलिनीबाई धावत यायच्या, कपाळावरून हात फिरवायच्या.

"नाही हो, कोणी हात नाही लावत. पाटी आहे ना तुमची. मी आहे ना राखायला."

ते पलंगावर मूठ आपटायचे. बाईंना वाटायचं, अजून काळजी वाटतेय यांना. मग त्यांनी माझ्यावर क्रोशाचं झाकण घातलं. त्याच्यावर एक उशी ठेवली. धूळ पुसायला कामवाली आली तर तिलाही ओरडायच्या. माझ्या प्लगलासुद्धा हात लावला नाही, कारण पाटी! आठ महिने रात्रंदिवस वीज पिऊन पिऊन माझी बॅटरी पुरीसारखी फुगली. एवढा राखलेला लॅपटॉप अख्ख्या मध्य प्रदेशात नसेल, आणि त्या राखण्यानेच मी मरत होतो. आत स्नेहाची वस्तू होती. मी गेलो असतो तर तीही गेली असती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. "नोंदवही कोणी दोनदा लिहितं का?" असं विलासराव म्हणायचे.

एप्रिलात बाळू क्रेनवाला आला. आता तो तुलसी नगरला लेकीकडे असतो. हातात पोहे-जलेबीचा पुडा.

"नमस्कार वहिनी! कुठंय आमचा हिरो?"

"पडलाय बघा तुमचा हिरो."

बाळूने विलासरावांचा डावा हात हातात घेतला. मग नजर माझ्याकडे गेली. "हे काय वहिनी? कोंबडी बसवलीय का अंड्यांवर?" त्याने उशी उचलली.

"हात लावू नका भाऊजी! पाटी आहे!"

बाळूचा हात चटका बसल्यासारखा मागे गेला. वाकून त्याने पाटी वाचली. "बरोबर आहे. ज्याने लावली त्यानेच काढायची." मग त्याने डोकं खाजवलं. "पण वहिनी, लावणारा काय दुबईला गेलाय? इथेच तर आहे. काढतोस का, असं विचारलं का त्याला?"

कमलिनीबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. "नाही हो विचारलं. मी आपली सांगतच राहिले, कोणी हात लावत नाही म्हणून."

बाळूने मला उचलून विलासरावांच्या पोटावर ठेवलं. विलासरावांनी डाव्या हाताने दोरी ओढली. गाठ सुटेना. बाई पुढे झाल्या तर बाळू म्हणाला, "ना वहिनी, रूल मतलब रूल. त्याचं त्यालाच करू द्या." विलासरावांनी मान वळवली, दोरी दातात धरली आणि कचकन तोडली.

आता पाळी माझी. मी एवढा जोर लावला की आनंद नगरातले दिवे मंद झाले, आणि मोठ्या तलावातला माझा तो जुना मासा दचकून वर आला. पंखा खळखळला. पडदा उजळला. पिवळं निशाण तिथेच होतं. विलासरावांनी त्यावर बोट ठेवलं आणि कमलिनीबाईंकडे बघितलं. बाईंनी मोठ्याने वाचलं:

'सासू मायेची साक्ष दोघींची देते. आशीर्वादही दोघींना देते, परतणारीलाही. परतलीस म्हणून दोष देत नाही. पंचवीस वर्षं हे वाचतो आहे, मला दिसलं नाही. स्नेहाने सत्यजितवर आणि आमच्यावर माया केली. मी उपासनेत तिच्याबद्दल जे बोललो ते शास्त्र नव्हतं. माझं दुखणं होतं. तिची क्षमा मागायची आहे.'

बाईंनी पदराने माझा पडदा पुसला. पडदा ओला नव्हता. मग फोन लावला. "स्नेहा, तुझं पत्र आलंय गं. आठ महिने आमच्याकडेच पडलं होतं."

मिसरोदहून ती स्कूटीवर आली. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभ्याउभ्या वाचलं. दोनदा वाचलं. आधी फोनमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. पोरगी हुशार! मग म्हणाली, "बाबा, तेव्हा चाळीस माणसांसमोर बोललात. आणि हे फक्त माझ्यापुरतं?"

विलासरावांनी मान हलवली. नाही. मग डावा हात तिच्याकडे केला, माझ्याकडे केला आणि दाराकडे केला, देवळाच्या दिशेला.

दुसऱ्या रविवारी मला नेलं. विलासराव चाकाच्या खुर्चीत, मी त्यांच्या मांडीवर, पेटी वाजवणाऱ्याच्या बाजूने माझ्यासाठी ओढलेली विजेची वायर. स्नेहा शेजारी उभी राहिली आणि माझ्यावरून वाचलं. एक शब्द गाळला नाही. विलासरावांची मान खाली होती. वाचून झालं तेव्हा तिने त्यांच्या मांडीवरून मला उचललं, खाली ठेवलं आणि त्यांची घसरलेली शाल सारखी केली. मागच्या रांगेतून बाळू ती लाल पाटी घेऊन आला. पाटी उलटी करून त्यावर त्याने लिहिलं, 'काम पूर्ण,' आणि विलासरावांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. कारखान्यात असंच करतात.

घरी आल्यावर कमलिनीबाईंनी चहा केला. विलासरावांना चमच्याने पाजला, साखर घालून.

माझी बॅटरी आता काढून टाकलीय. टिपणं स्नेहाने दुसरीकडे उतरवून घेतलीत. मी वीज असेल तेवढाच जागा असतो. बाळांनो, घरातल्या म्हाताऱ्या यंत्राचा प्लग अधूनमधून काढत जा. आणि म्हातारं माणूस एखाद्या वस्तूकडे बोट दाखवत असेल तर झाकण घालू नका, उचलून त्याच्या हातात द्या. राखणं पुरत नाही, विचारावं लागतं.

ती लाल पाटी स्नेहाकडे आहे. स्कूटीच्या किल्लीला बांधलीय. रविवारी तिची स्कूटी आली, बाहेर ती पाटी खुळखुळली की विलासराव मला नाही बघत. दाराकडे बघतात.