शून्य नंबरची काच

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करते. मी चष्मा नव्हे. चष्मा एका नाकाचा असतो, मी सगळ्यांची. डोळे तपासताना नाकावर चढवतात ना, ती वाटोळी, जडशी फ्रेम, जिच्या खाचांत एकामागून एक काचा सरकवत "हे बरं की हे?" असं विचारतात, ती मी. वय झालंय, एक स्क्रू बदललाय, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. थोडी जास्तच.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. तिथून मी कोल्हापूरला गेले आणि कोल्हापुराहून विभावरीताईंच्या बॅगेत, कांदा-लसूण मसाल्याच्या दोन पुड्यांमध्ये दडून, कतारमध्ये दोह्याला आले. पहिले सहा महिने मला नाकावर घेणारा प्रत्येक जण शिंकायचा. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, ताई डोळे तपासत. तिथे मी किती नाकं पाहिली म्हणून सांगू! एकदा पार उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावाहून एक म्हातारा कोळी आला. मला नाकावर घेऊन तो थेट गच्चीवर गेला आणि समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर कोण चहात किती साखर घालतंय, ते सांगू लागला. खोटं वाटत असेल तर माझ्या डाव्या स्क्रूला विचारा. उजवा तेव्हा नव्हता.

मग दुकानात मशीन आलं. हनुवटी टेकवा, आतलं चित्र बघा, खलास! नंबर छापून बाहेर. माझी रवानगी खालच्या खणात झाली, संपलेल्या बॅटऱ्या आणि एका दांडीच्या चष्म्यांसोबत. दोन वर्षं कुणी खण उघडला नाही. वाईट वाटलं. नाक नसलेल्या फ्रेमला कोण विचारतं?

यंदाच्या उन्हाळ्यात अनुष्का आली. तिचे बाबा गुरुप्रसादराव पुण्याचे, इथे गॅस कंपनीत इंजिनिअर. बारावी झालेल्या अनुष्काला ताईंसारखं डोळे तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट व्हायचं होतं, तेही अमेरिकेत शिकून. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग ऑप्टोमेट्रीचं कॉलेज. पुढच्या त्या कॉलेजसाठी, कुणाजवळ बसून हे काम पाहिल्याचे तासही लागतात, म्हणून ती रोज कोपऱ्यातल्या स्टुलावर बसे. पदवीचा मुख्य विषय कोणता, हे रविवारपर्यंत फॉर्मवर भरायचं होतं. बाबांनी ठरवून टाकलं होतं: बायॉलॉजी. ताईंनी विचारलं की अनुष्का म्हणे, "इट्स फाइन, मावशी." मित्रांनो, माझा अनुभव सांगते. "फाइन" म्हणणाऱ्याचा नंबर हमखास चुकतो.

गुरुवारी धोंडीराम आले. लातूरकडचे, इंडस्ट्रियल एरियात कंपनीची बस चालवणारे. लायसन्ससाठी डोळे तपासून हवे होते. मशीन नेमकं त्या दिवशी रुसलेलं. ताईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. धोंडीरामांनी तो सगळ्यात खालच्या बारीक ओळीपर्यंत असा घडाघडा वाचला की शाळेतला हुशार मुलगा लाजावा.

"झकास!" ताईंनी पेन उचललं.

"मावशी, वेट." अनुष्का उठली. ताई तक्त्याकडे बघत होत्या, ही धोंडीरामांच्या हाताकडे बघत होती. वाचताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक अक्षर, एक पेर. तिने मोडक्यातोडक्या मराठीत हळूच विचारलं, "काका, तुम्ही पाठ केलंय का? भीती वाटते?"

धोंडीराम आधी हसले, मग खाली बघू लागले. "काय सांगू, लेकरा. आमच्या खोलीवर समद्यांना ही वळ पाठ हाय. चष्मा लागला की लायसन खलास, असं म्हंतेत. मंग गावाकडं धाडतेत."

"अहो, चष्मा लावून बस चालवता येते!" ताई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "न दिसता चालवता येत नाही."

आणि मित्रांनो, माझा खण उघडला! अनुष्काने मला पुसलं, धोंडीरामांच्या नाकावर बसवलं, आणि ताई काचा सरकवू लागल्या. चौथ्या काचेला धोंडीरामांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि ओरडले, "आगं बाबौ! समोरच्या एसीवर मांजर बसलंय व्हय? मी तर इतका वेळ पिशवी समजायलोय!"

सगळे हसले. मग कुणीच हसलं नाही. त्यांच्या बसमध्ये रोज चाळीस माणसं बसतात.

संध्याकाळी गुरुप्रसादराव लेकीला न्यायला आले. मान वर न करता अनुष्का म्हणाली, "बाबा, मला सायकॉलॉजी घ्यायचंय."

"काय? तुला डोळे तपासायचेत ना? सायकॉलॉजीत कुठे आले डोळे?"

"बायो मी पाठ करते, बाबा. धोंडीराम काका तक्ता वाचत होते ना, लाइक दॅट. मार्क्स येतात. पण मला त्यात काही दिसत नाही." तिने दुपारची सगळी गोष्ट सांगितली. "माणसं न दिसताही 'दिसतं' असं का म्हणतात, ते मला शिकायचंय."

"मार्क्स येतात ना? मग झालं तर!"

"गुरुप्रसादराव, बसा जरा खुर्चीत," ताई मध्येच म्हणाल्या. "वर्षभर टीव्ही धूसर दिसतो म्हणताय."

मी रावांच्या नाकावर चढले. मोठं ठाम नाक हो, एकदा ठरवलं की ठरवलं. हे बरं की हे, करत नंबर निघाला. मग ताईंनी वर आणखी एक काच सरकवली. "आणि आता?"

"वा! आता कसं एकदम स्वच्छ!"

माझा स्क्रू करकरला. हसू दाबताना होतं असं.

"ही शून्य नंबरची काच आहे," ताई म्हणाल्या. "खिडकीची म्हणा ना."

"काहीतरीच. फरक पडला मला."

ताईंनी काच काढली, घातली, पुन्हा काढली. फरक शून्य.

"मी काच घातली म्हणजे बरं दिसणारच, हे तुम्ही आधीच ठरवलं होतं. बायॉलॉजीचंही तसंच. त्या कॉलेजांना मुख्य विषय कुठलाही चालतो. लागणारे विषय केलेत का आणि कसे केलेत, ते बघतात."

अनुष्काने त्या विषयांची वही पुढे केली. राव मला न काढताच यादी वाचू लागले, ओळीवर बोट ठेवून, कारखान्याचा नकाशा तपासावा तशी.

"बायॉलॉजी आहेच की यात! ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसुद्धा? फिजिक्स?"

"सगळं करणार. प्रत्येक कॉलेजची लिस्ट थोडी वेगळी आहे, म्हणून तीन लिहिल्यात."

"जड जाईल."

"माहितेय."

"आणि इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं तर काय सांगू मी?"

"सांगा," ताई म्हणाल्या, "मुलगी हात बघून डोळे तपासते."

राव हसले नाहीत. वही परत देताना मात्र म्हणाले, "रविवारची वाट कशाला बघायची? यल्ला, चल, काढ तो फॉर्म." विषयाचं नाव तिने भरलं. त्यांनी ते माझ्यातून एकदा वाचलं, मग मला कपाळावर ढकलून नुसत्या डोळ्यांनी एकदा.

मित्रांनो, आता मी खणात नसते, टेबलावर असते. एवढंच मागणं आहे. मला एका हाताने ओढून काढू नका, कान दुखतात. तुमचे आणि माझेही. काचेला बोट लावू नका, मऊ फडक्याने पुसा. आणि कुणी "हे बरं की हे?" विचारलं, तर विचारणाऱ्याचं तोंड बघून उत्तर देऊ नका. सारखंच दिसत असेल तर "सारखंच" म्हणा. दिसत नसेल तर "नाही दिसत" म्हणा. पुढची काच त्यानंतरच मिळते.