यादी लिहून होईपर्यंत

"तोकुजी, खिशात काय खुळखुळतंय? काढ बाहेर."

"काही नाही बाई, ट्रकच्या किल्ल्या."

"त्या किल्ल्या माझ्या प्रत्येक गाण्याला साथ करतात. आज नको त्यांची साथ," किनूबाई म्हणाल्या.

टोफूवाली हात्सुएताई फिस्सकन हसली. तोकुजीने किल्ल्या खिडकीत ठेवल्या. स्टोव्हवरची किटली खाली उतरवली, तिची सूंसूं नको म्हणून. मायक्रोफोनखालचा पंचा पुन्हा एकदा सारखा केला. छोट्या चकतीवर आवाज टिपणारं मिनिडिस्कचं यंत्र तळहातात मावेल एवढंसं. ते डाव्या मांडीपाशी होतं, ते उचलून उजवीकडे ठेवलं. चोपन्न वर्षांचा बाप्या, पण एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ!

थंडीभर साकाता बंदरात दारोदार रॉकेल विकायचं, हा त्याचा धंदा. ट्रकवरचा भोंगा दिवसभर एकच सूर आळवी आणि आत तोकुजी कानात इअरफोनची बोंडं खुपसून किनूबाईंची गाण्याची शिकवणी ऐकत बसे. आठ वर्षांच्या मंगळवारच्या शिकवण्या त्याने चकत्यांवर घेतल्या होत्या. बिस्किटांचा आख्खा डबा भरला होता. बरोबर शिकणारी हात्सुएताई त्याच्याकडूनच चकत्यांची नक्कल करून घेई आणि वर नावं ठेवी, "गाणं बाईंचं, खुळखुळ तुझी."

एकच गाणं त्या डब्यात नव्हतं. जाळं ओढण्याचं. किनूबाईंचे वडील जाळ्यावरचे मुकादम, गाणं त्यांचं. हे गाणं तोंडातून कानात जायचं, यंत्रात नाही, असा बाईंचा दंडक. तिसऱ्या कडव्यात एक लांब ओळ एका दमात म्हणायची असते, कारण त्या दमावर वीस माणसं दोर ओढत असतात. दम तुटला की हात सैल पडतात. तोकुजीचा दम तिथे हमखास तुटायचा आणि बाई म्हणायच्या, "निसटलं जाळं."

गुरुवारी बाईंच्या घशाचं ऑपरेशन होतं, आदल्या सकाळीच हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं. स्वरयंत्रच काढून टाकणार होते. म्हणून आज दंडक मोडला होता.

"एकदाच म्हणेन," बाई म्हणाल्या. "दोनदा म्हणायचं बळ नाही."

त्यांनी मधल्या बोटाच्या पेराने बैठ्या टेबलावर ठेका धरला आणि गायला लागल्या. आवाज फाटला होता, पण सूर जागचा हलत नव्हता. हात्सुएताई पहिल्याच कडव्याला डोळ्यांना पदर लावावा तशी बाही लावून बसली. तोकुजीला मात्र धड रडताही येईना. यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर सेल संपत आल्याची खूण लुकलुकायला लागली होती. नवा सेल खिशात होता, पण मध्येच बदलणार कसा? देवा, एवढं कडवं होऊ दे. एवढी ओळ. त्याच्या पायाची बोटं मोज्यांत वळवळत होती. तिसऱ्या कडव्यातली ती ओळ बाईंनी एका दमात काढली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, सडलेल्या गळ्याने.

गाणं संपलं. तोकुजीने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं लुकलुकू लागली आणि त्याला वाटलं, आता सेल गेला! त्याने झटकन जुना सेल ओढून काढला, नवा घातला.

पडदा उजळला. चकती कोरी आहे, असं तो सांगत होता.

झाल्या प्रकाराचा अर्थ त्याच्याइतका कोणाला कळणार? ध्वनिमुद्रण थांबवलं की यंत्र शेवटी एक यादी लिहितं, कुठलं गाणं कुठे आहे याची. ती लिहून होईपर्यंत अक्षरं लुकलुकतात. तेवढा वेळ यंत्राला बोट लावायचं नाही. यादी नाही तर गाणं नाही, असून नसल्यासारखं. हात्सुएताईला हेच त्याने शंभरदा बजावलं होतं.

"आलं ना नीट?" बाईंनी विचारलं.

"आलं," तोकुजी म्हणाला.

बुधवारी सकाळी हात्सुएताईने दुकानाच्या दारातच ट्रक अडवला. "काय रे, माझी नक्कल?"

"उद्या देतो, ताई."

"कालपासून तोंड का लपवतोयस? चोरी केल्यासारखा!"

त्या दिवशी त्याने एका म्हातारीचा लाल डबा भरता भरता पायरीभर रॉकेल सांडलं. दुपारी जेवताना बायकोने, मित्सुएने, भातावरून नजर न काढता विचारलं, "काय केलंत?"

त्याने सांगून टाकलं.

"मग इथे काय बसलात? गळा आहे तोवर जा. पाया पडा. दोन ओळी तरी म्हणतील."

"दोनदा म्हणायचं बळ नाही म्हणाल्या गं."

"नाही म्हणाल्या तर नाही. खरं तर सांगून याल!"

तो तसाच ट्रक घेऊन गेला. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेला. त्या मरायला टेकलेल्या गळ्याकडे कुठल्या तोंडाने मागायचं? वळून बंदराला चक्कर मारली. परत आला. पुन्हा वळला. अंधार पडायच्या आत चार खेपा झाल्या, जिन्याची पायरी एकदाही चढला नाही. घरी येऊन मित्सुएला म्हणाला, "भेटीची वेळ संपली होती."

पंधरा दिवसांनी त्याचं धाडस झालं, तेही बाईंना बघायला जात नाही म्हणून हात्सुएताईने चारचौघांत त्याला भित्रा ससा म्हटल्यावर.

किनूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याला पांढरी पट्टी. मांडीवर लहान मुलांची असते तसली पाटी. सरकपट्टी ओढली की लिहिलेलं पुसलं जातं. तोकुजी दारातच गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ जमिनीला टेकवलं.

"बाई, ते गाणं नाही आलं. मी घाई केली. सेल काढला. मीच घालवलं." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. "आणि वर खोटं बोललो."

पलंगाच्या दांडीवर टकटक झाली. त्याने मान वर केली. पाटीवर लिहिलं होतं, "त्याच दिवशी कळलं. 'आलं' म्हणालास तेव्हा तुझे हात शांत होते."

पट्टी ओढून बाईंनी पुन्हा लिहिलं, "बुधवारी चार वेळा तुझा भोंगा ऐकला. वर येशील वाटलं."

"आलो असतो तर म्हटलं असतंत?"

बाईंनी पट्टी ओढली. मग लिहिलं, "कोण जाणे. वाट पाहत होते."

तोकुजीला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याने स्टूल ओढलं, मागे सारलं, पुन्हा ओढलं. बाईंनी दांडी वाजवली. पाटीवर होतं, "यंत्र आणलंयस?"

"कायम असतं."

"गा."

"मी? बाई, माझा दम..."

त्यांनी "गा" या शब्दाखाली जाड रेघ ओढली.

त्याने मायक्रोफोन रजईच्या घडीवर ठेवला. नवा सेल घातला. किल्ल्या आपण होऊन खिडकीत ठेवल्या. बाईंनी मधल्या बोटाच्या पेराने लोखंडी दांडीवर ठेका धरला आणि तोकुजी शेजारच्या पेशंटला त्रास नको अशा बेताने गायला लागला. तिसऱ्या कडव्यात दम तुटला. दोन जोराचे ठोके पडले. पाटीवर, "निसटलं जाळं. पहिल्यापासून."

दुसऱ्यांदाही निसटलं. एक नर्स डोकावली, बाईंचा चेहरा पाहून निघून गेली.

तिसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटले. ती ओळ आली तेव्हा दांडीवरचा ठेका जरा संथ झाला, दोर ओढणारी माणसं थकल्यावर होतो तसा, आणि तोकुजी त्या बोटामागून गेला. दम पुरला. शेवटची ओळ बाईंनी ओठ हलवून त्याच्याबरोबर म्हटली. आवाज अर्थातच त्याचा एकट्याचा होता.

त्याने बटण दाबलं. अक्षरं लुकलुकू लागली. त्याचा हात सवयीने पुढे गेला, तोच बाईंनी बोट उचललं.

तोकुजीने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. दोघं पडद्याकडे बघत बसले. आत चकती बारीक घरघरत होती. आठ वर्षांत पहिल्यांदाच तो इतका वेळ हलला नाही. अक्षरं थांबली तरी त्याने हात काढले नाहीत.