सकाळचा गुळव्या

माघातल्या एका दुपारी मेहुणा जोतीराम सायकलवरून गुऱ्हाळावर आला. उतरायच्या आधीच म्हणाला, "दाजी, आक्का गेली." माझी बायको बयाबाई औंधला माहेरी गेली होती. तिथं ताप आला आणि तीन दिवसांत संपलं. मोठ्या काहिलीत रस उकळत होता. काहील उतरवली आणि मग निघालो. हे साल चव्वेचाळीस.

तेराव्यानंतर सांगलीजवळ सुकुमारअण्णांच्या गुऱ्हाळावर परतलो. मी तिथला गुळव्या. रस शिजून गूळ कधी झाला, हे मीच ठरवायचं. यंदा ऊस जास्त, म्हणून अण्णांनी संध्याकाळचीही काहील सुरू केली होती. घरी जायचा कंटाळा, म्हणून दोन्ही मी घेतल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळची काहील जळली.

अण्णा म्हणाले, "केरबा, तुजं दुख मला कळतंय. पर आनखी एक जळली, तर फलटणचा गुळव्या आनीन."

खरं कारण दुःख नव्हतं. पहाटे मला दहा माणसांचं बळ असतं आणि दुपारनंतर माझा पार चोथा होतो. बयाबाईला हे माझ्या आधी कळलं होतं. दुपारनंतर ती मला बाजारात जाऊ देत नसे. "आता बैल इकाया गेला, तर दावं देऊन वर पागुटं बी देऊन याल," म्हणायची.

चुलवाणाला जाळ घालणारा धुळा माझ्या उलटा. सकाळी उभ्यानं झोपायचा, ऊन कललं की गायला लागायचा. बारा वर्षं त्यानं माझा हात बघितला होता. पण गुळव्यानं आपला हात, म्हणजे आपलं कसब, दुसऱ्याला द्यायचं नाही, अशी आमच्यात रीत.

मी पहाटेच अण्णांना गाठलं. "सकाळची काहील माजी, सांजची धुळाची. बिघडली तर दोघंबी जातो."

"एका गुऱ्हाळाला दोन गुळवं? आरं, एका घरात दोन सासवा व्हतील!"

धुळा जांभई देत म्हणाला, "आवं अण्णा, मी सून व्हतो की."

अण्णांना हसू आवरेना. एक दिवस मिळाला.

त्या संध्याकाळी मी हात मांडीखाली दाबून बसलो. रस घट्ट होत आला. माझ्या मनानं तो कधीच उतरवायला हवा होता. धुळानं थेंब गार पाण्यात टाकला, गोळी केली, काहिलीच्या काठावर मारली. टण् वाजली. "उचला!" तो ओरडला.

अण्णा जैन. दिवस मावळला होता, म्हणून तोंडात काही घालेनात. ढेपेभोवती नुसते फिरत राहिले. "आज डोळं, उद्या जीभ," म्हणाले.

सकाळी दात घासून थेट आले. खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. धुळा पहिल्यांदाच सकाळी टक्क जागा होता. अण्णांनी दुसरा खडा फोडून धोतराच्या सोग्यात बांधला. "पद्मावती देवीला दावतो. ऱ्हावा दोघंबी."

धुळानं मला उचललं. मी पन्नाशीचा माणूस, पण खूप हसलो.

आता दुपारी चिंचेखाली लाज न बाळगता झोपतो. लोक चिडवतात, मी कूस बदलतो. सकाळचा गूळ पिवळाधमक उतरतो.

बयाबाईची पेटी जोतीरामनं घरी आणून ठेवली आहे. ती उघडायला माझं सकाळचंच बळ लागेल, आणि सकाळ काहिलीला जाते. पेटी अजून उघडायची राहिली आहे.