सुरंगीचा डबा आणि परक्या कुप्या

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुतेक सालस असतात. मी तसा नाही. मी हेवा करतो. पुष्कळ करतो. त्या हेव्यापायी माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती सांगायलाच मी बसलो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. झाकणावर टोपलीभर गुलाब घेतलेल्या मुलीचं चित्र आहे, तेवढंच माझं कूळ. पस्तीस वर्षांमागे पद्मावतीचा भाऊ कुवेतहून सुट्टीवर आला, तेव्हा बिस्किटं भरून मी पेडणे तालुक्यातल्या कोरगावात पोचलो. बिस्किटं तीन दिवसांत संपली. पद्मावतीच्या नवऱ्याने, रघुनाथाने, मला खिळे ठेवायला उचललं. पद्मावतीने माझ्यावर हात ठेवला.

"ऐकलात? हो डबो माझो. तुमका खिळ्यांक आणखी खयचोय घेवा."

"कित्याक होया तुका?"

"सुरंगीक."

सुरंगी तुम्हांला माहीत आहे ना? फाल्गुनाच्या सुमाराला तिच्या फांद्यांना कळ्यांचे घोस फुटतात. बायका पहाटे कळ्या काढतात आणि उमलायच्या आत ओवतात. त्या गजऱ्याला आमच्याकडे वळेसर म्हणतात. मोगरा दुसऱ्या दिवशी काळा पडतो. सुरंगी सुकली तरी तिचा वास जात नाही, वर्षभर राहतो. म्हणून पद्मावती वळेसर केसांत माळायची आणि सुकला की माझ्यात ठेवायची. आलमारात लुगड्यांच्या मधोमध माझी जागा होती. लग्नकार्याला जायचं असलं की ती माझं झाकण उघडायची, हुंगायची, आणि मग लुगडं निवडायची. जुना वळेसर काढून नवा ठेवला की मला नवे कपडे मिळाल्यासारखं वाटे. माझ्या पत्र्यालाही तो वास लागला. शेजारणी म्हणायच्या, "पद्मावती, तुझ्या आलमाराक देवळाचो वास येता गो." मी फुगायचो.

दोन पावसाळ्यांमागे पद्मावती वारली. ताप आला, इस्पितळात नेली, आठव्या दिवशी गेली. त्याच वर्षीच्या मार्चातला वळेसर माझ्यात होता. तो शेवटचा.

त्यानंतर मी रघुनाथाचा झालो. त्याने मला आलमारातून काढून जनेलाजवळच्या मेजावर, खिडकीच्या उजेडात, ठेवलं. दर रविवारी जेवण झाल्यावर तो माझं झाकण एक बोटभर उचलायचा, नाक लावायचा आणि लगेच बंद करायचा. वास संपेल अशी त्याला भीती होती. काजूच्या बागेत तो जाईना. शेजारच्या कृष्णनाथाशी बोलेना. पोदेर पाव घेऊन यायचा, दारात घंटी वाजवून कंटाळून पुढे जायचा. मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटत होतं. घरात दुसरं काही उरलं नव्हतं. तो होता आणि मी होतो.

मग कुप्या आल्या.

रघुनाथाची मुलगी गौरवी मोपाच्या विमानतळावर अत्तरांच्या एका दुकानात काम करते; सकाळी जाते ती तिन्हीसांजेला परतते. एका संध्याकाळी तिने पिशवीतून करंगळीएवढ्या सात काचेच्या कुप्या काढल्या. गिऱ्हाइकांना नमुना म्हणून देतात तशा. त्या तिने मेजावर, माझ्या अगदी शेजारी मांडल्या. कागदाच्या पांढऱ्या पट्ट्याही आणल्या होत्या. एका पट्टीवर तिने कुपीतला थेंब टाकला.

"बाबा, हो कागद हुंग."

"माका कित्याक गो? म्हातारपणात अत्तर लावन खय जावचा?"

"खय जाव नको. हुंग आनी कसो वास येता तो सांग. तुझा नाक बरा आसा. आंबो पिकलो काय ना ता तू घरातल्यान सांगतंस."

त्याने पट्टी नाकाशी नेताच तिने त्याचा हात धरला. "लगेच हुंगू नको. आदी मातसो वारो लागांदी."

रघुनाथाने वाट पाहिली. मग हुंगलं. मग डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"नवी छत्री."

"काय?"

"नवी छत्री उघडल्यार येता तो. मगे लिंबाचा पान चुरडलेला. आनी मागसून... थांब... बैल धुतल्यार येता तो."

गौरवी इतकी हसली की कदेलावरून घसरून जमिनीवर बसली. "बाबा, ही कुपी घेवक लोक परदेशातसून येतत!"

"घेवंदे. बैलच तो."

आणि तोही हसला. पद्मावती गेल्यानंतर पहिल्यांदा. ते हसू माझ्यामुळे आलं नव्हतं. सात परक्या कुप्यांनी ते एका संध्याकाळात आणलं, ज्यांना ना झाकणावर चित्र, ना घरात पस्तीस वर्षं. माझ्या पत्र्याच्या कडेला त्या दिवशी जी खाज सुटली, ती पुढे थांबली नाही.

रघुनाथाला छंद लागला. गौरवी शिकवायची तसा तो शिकला. एका दिवशी तीनच वास घ्यायचे, चौथ्याला नाक थकतं. थकलं तर आपल्याच सदऱ्याची बाही हुंगायची. मनगटावर थेंब लावला तर दुसरं मनगट घासायचं नाही. लावल्या लावल्या येतो तो वास निराळा, अर्ध्या तासाने येतो तो निराळा आणि रात्री उशीवर उरतो तो निराळा. हे सगळं तो एका वहीत लिहायचा. त्याचं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मोठं आणि वाकडं. "पहिल्यांदा पेरू. मग साबण. संध्याकाळी काही नाही. फसवा." असं.

मी ते सगळं बघत होतो. सकाळी उठला की त्याचा हात आधी कुप्यांकडे जायचा. तो पुन्हा बागेत जाऊ लागला, वाटेत पानं चुरडून हुंगू लागला. कृष्णनाथ कुंपणावरून ओरडला, "रघुनाथा, काय रे? वाऱ्यावर वास आयलो तर माका वाटला खयची तरी दुकानदारीण आयली. बघतंय तर तूच!"

"ये, तुकाय लायतंय. तुझ्या बायलेक घरात घेवक सोपा जातला."

दोघे हसले. मला त्यांचं हसणं टोचलं. एका रविवारी तर रघुनाथ माझं झाकण उचलायला विसरला. त्या रविवारी मी ठरवलं, आता तो आला तरी मी उघडणार नाही. पत्र्याला रुसायला एकच जागा असते, झाकण. तिथे मी गंज धरू लागलो. पावसाळी हवेने मला मदत केली.

डिसेंबरात गौरवीने बोलता बोलता सांगितलं, की फुलं स्पिरिटात भिजत घातली की त्यांचा वास स्पिरिटात उतरतो. मग ते गाळून कुपीत भरलं तर बरीच वर्षं टिकतं.

रघुनाथाची नजर माझ्याकडे वळली.

"सुरंगीचोय उतरतलो?"

गौरवीला कळलं तो काय विचारतोय. ती जपून म्हणाली, "उतरात कदाचित. पण बाबा, आदी दुसऱ्या फुलांर करून बघ. आनी स्पिरिट बिनवासाचा होया. मी सुट्टी घेवन म्हापशाक गेलंय काय हाडतंय. तोवर हात लावू नको."

त्याला धीर निघाला नाही. वास संपेल या भीतीने तो आता झाकण न उघडता नुसती फट हुंगायचा, आणि माझ्यातला वास दिवसेंदिवस कमी होतोय हे त्याच्या शिकलेल्या नाकाला कळत होतं. पूर्वी कळलं नसतं. तो कृष्णनाथाकडे गेला.

"स्पिरिट म्हणजे दारूच मरे?" कृष्णनाथ म्हणाला. "मग म्हापशाक कित्याक जावक होया? माझ्याकडे गेल्या वर्साची फेणी आसा. काडी लायल्यार निळी पेटता. ह्याच्यापरस स्पिरिट तुका खय मेळतला?"

"बिनवासाचा होया म्हणता चेडू, गौरवी."

"फेणीक खय वास येता?"

रघुनाथाने बाटलीचं बूच काढून हुंगलं. "ना," तो म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही हसाल. फेणीचा वास परगावच्या माणसाला रस्त्याच्या वळणावरून येतो. पण हे दोघे काजूच्या भट्टीशेजारी जन्मले, तिथेच वाढले, तिथेच म्हातारे झाले. मासळीवाल्याला मासळीचा येत नाही, तसा त्यांना फेणीचा वास येतच नव्हता. नवी छत्री आणि धुतलेला बैल ओळखणारं ते नाक तेवढ्या एकाच ठिकाणी बहिरं होतं.

दुपारी दोघे मेजाशी बसले. काचेच्या वाडग्यात फेणी ओतली. रघुनाथाने चष्मा लावला.

"पाचच फुलां घेतंय," तो म्हणाला. "बाकीचा वळेसर तसोच रवांदी."

पाच फुलं. एवढंच त्याला हवं होतं. त्याने मला मांडीवर घेतलं आणि झाकण ओढलं.

मी सोडलं नाही.

माझी गोष्ट या कुप्यांना का द्यायची? तिच्या केसांतलं फूल काचेत घालून वहीत लिहिणार, सगळ्यांना हुंगायला देणार. मग माझं काय उरलं? मी गंजाची सगळी ताकद लावून धरून राहिलो. त्याने नखं लावली. कापड धरून फिरवलं.

"हाड हय," कृष्णनाथ म्हणाला आणि त्याने कोयत्याचं टोक कडेखाली घातलं.

"हळू रे!"

"हळूच तर..."

झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडालं. मी मांडीवरून उलटलो. अख्खा वळेसर माझ्यातून उसळला आणि वाडग्यात पडला. दोन वर्षांत दोरा कुजला होता, तो पडताच तुटला. फुलं सुटी झाली आणि फेणीत तरंगू लागली.

रघुनाथाने दोन्ही हात वाडग्यात घातले. दहा बोटांनी तो फुलं वेचत होता आणि ती बोटांतच विरघळल्यासारखी चुरत होती. "काढ रे, काढ!" तो म्हणत होता. कृष्णनाथ चमच्याने काढत होता. बशीत जमला तो तपकिरी लगदा.

"वास येता काय रे?" रघुनाथाने बशी पुढे केली. "सुरंगीचो? माका... माका समजना."

कृष्णनाथाने हुंगलं. मग त्याने बशी मेजावर ठेवली आणि बाटलीला बूच लावलं.

तिन्हीसांजेला गौरवी आली. उंबऱ्यातच थबकली. "बाबा, फेणी कोण पिता हय? सगळ्या घराक घाण येता."

रघुनाथाने बशी तिच्यापुढे धरली. तिने ती बघितली, मग वाकलेल्या झाकणाकडे बघितलं, मग रिकाम्या माझ्याकडे.

"आईचो वळेसर?"

तिने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तो म्हणाला, "माझ्या नाकार इसवास ठेवलंय गो. तू सांगितलंस, तरी ऐकूक ना."

चूक त्याच्या नाकाची नव्हती. फेणीत पाच फुलं गेली असती, बाकी सगळी वाचली असती. ती मी घालवली. हे त्याला आजही माहीत नाही. तुम्हांला सांगतोय.

मग गौरवीने मला उचललं आणि तोंड आत घातलं. तिचा श्वास माझ्या तळाला लागला.

"बाबा. हय आसा."

त्याने हुंगलं. पस्तीस वर्षांत माझ्या पत्र्यात मुरलेला वास तेवढा उरला होता. पण झाकणाची कड वाकली होती. ते आता बसत नव्हतं.

"पिशयेत घालून बांदून ठेवया?" तिने विचारलं. "वास थोडे दीस चड रवतलो."

रघुनाथाने वाकलेली कड अंगठ्याने एकदा दाबून पाहिली. "नाका," तो म्हणाला. "बांदून ठेवन कोणाक? रवता तितके दीस हुंगया."

मग रोज संध्याकाळी दोघे माझ्याशी बसू लागले. आधी ती, मग तो. कुप्या त्याने त्या दिवसांत बाजूला ठेवल्या होत्या. माझी इच्छा पूर्ण झाली होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर मी थोडा थोडा नुसता पत्रा होत होतो. तरी मी काही अडवलं नाही.

एके दिवशी त्याने वही मागितली. दोन संध्याकाळी तो एकच पान लिहीत बसला. गौरवीने वाचलं:

"पहिल्यांदा पत्रा. मग सुरंगी. मग खोबरेल, गरम पाण्याने न्हाल्यावरचं. मग हळदीचं पान. मग तिची उशी. सगळ्यात मागे जो येतो त्याला नाव नाही. ती खोलीतून नुकतीच गेली की येई तो."

गौरवी म्हणाली, "बाबा, हा तुका लिवक आयला कसा?"

"तूच शिकयलंस मगो. घाई करू नको म्हणून."

मी कुप्यांकडे बघितलं. हे शब्द त्याला मी दिले नव्हते. दोन वर्षं त्याने मला हुंगलं आणि घाबरून बंद केलं. थांबून हुंगायला त्याला त्यांनी शिकवलं.

माघ संपता संपता माझा वास गेला. आता माझ्यात कुप्या असतात, सातांच्या एकोणीस झाल्या आहेत. रविवारी दोघे पेडण्याला किंवा तेरेखोलला जातात, नवीन काही हुंगून येतात आणि जेवणापर्यंत भांडतात. मी ऐकतो. एक निळी कुपी आहे, ती हातात घेतली की तो जरा जास्तच वेळ डोळे मिटतो. तिचा मला अजून राग येतो. स्वभाव लवकर जात नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात गेलेल्या माणसाचं काही जपून ठेवलेलं असेल, तर ते वरचेवर उघडत जा, म्हणजे ते सांभाळणाऱ्या जुन्या डब्याला रुसायला आणि गंजायला वेळ मिळणार नाही. उघडताना दोन्ही हातांनी उघडा. झाकण अडलंच तर कोयता आणू नका. थोडं खोबरेल लावा आणि उद्यापर्यंत थांबा.