सुरयाची पिवळी चोच

शांतिलालशेठांचं उभं आयुष्य बियाण्यांच्या धंद्यात गेलेलं. पोत्यात हात घालून उगवण सांगणारा हा माणूस एका पिलापुढे मात्र पुरता हरला. अंबडहून जालन्याला येताना धरणाकाठी त्यांनी ते कुत्र्याच्या तोंडातून सोडवलं होतं. पिल्लू सुरयाचं, समुद्रपक्ष्यांच्या गोतातल्या मासेखाऊ पक्ष्याचं, आणि आलं कुठे, तर जिथे कांद्यालाही उंबरा ओलांडायची सोय नाही अशा जैनाघरी. शेठांनी त्याला मूगडाळ भिजवून, वाटून भरवायला सुरुवात केली.

पिल्लू वाळत चाललं. चोच फिकी, पाय फिके. परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकणारी नात, आयुषी, फोनवर म्हणाली, "दादाजी, या पक्ष्यांचा रंग खाण्यातून येतो. समुद्रावरच्या पिलांचंही तसंच असतं. गाजरात, झेंडूत असतं तसं रंगद्रव्य यांना माशांतून मिळतं. त्यानं चोच रंगते, आजाराशी झुंजायला ताकदही मिळते."

शेठांनी सोयीचं तेवढंच ऐकलं. गाजर जमिनीखालचं, म्हणून तेही बाद. उरला झेंडू. पाकळ्या डाळीत वाटल्या आणि तिसऱ्या दिवशी चोच केशरी! शेठांनी सगळ्या नातेवाइकांना फोटो धाडले.

रविवारी आयुषी आली. तिनं ओल्या कापसानं चोच पुसली. कापूस केशरी झाला, चोच होती तशी फिकी.

"दादाजी, तुम्ही त्याला नुसतं रंगवलंत. मासा मिळाला न्हाई तर दोन दिवस काढायचं न्हाई हे."

शेठांचा चेहरा पडला. एक जीव जगवायला दुसरे किती घ्यायचे? दुपारभर ते पिलाची टोपली मांडीवर घेऊन बसले. शेवटी उठले आणि धरणावर मासळी विकणाऱ्या सोनूबाईपुढे त्यांनी ती टोपली ठेवली.

"बाई, माझ्यानं व्हायचं न्हाई. तुम्ही जगवा याला."

"द्या की शेठ. लेकरूच हाय ते."

मग शेठ रोज स्कूटरवरून धरणावर जाऊ लागले. ती भरवायची तेव्हा ते पाठ फिरवून उभे राहत आणि विचारत, "खाल्लं का?" तीन आठवड्यांत चोच खरोखरची पिवळी झाली, अंग भरलं, आवाज तर असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. पंख फुटत होते. वनखात्याची माणसं चार दिवसांनी त्याला सोडणार होती.

अशात एके दिवशी शेठ पोचले तेव्हा सोनूबाई होडीत होती. पिल्लू आ वासून त्यांच्याकडे धावलं आणि ओरडू लागलं.

"शेठ, पाटीत बारके मासे हायेत!" ती तिकडून ओरडली. "एवढं टाका, मला येळ लागंल!"

थांबता आलं असतं. शेठांना थांबवेना. त्यांनी पाटीत हात घातला, मासा उचलला, त्याच्याकडे नीट पाहिलं. "क्षमा कर रे बाबा," म्हणाले आणि पिलाच्या चोचीत दिला. पिलानं गिळला आणि पुन्हा आ केला.

घरी पत्नी भगवतीदेवींनी ताट वाढायला घेतलं, तर शेठ म्हणाले, "मला वाढू नको. आज उपास. मी माझ्या हातानं मासा भरवला त्याला."

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"पोटभर खाल्लं का त्यानं?"

"तीन खाल्ले."

भगवतीदेवींनी तव्याखालचा गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"मंग उपास एकट्यानं कामून करता?"